पाणी पिणारा मुराळी: जालना ते पिंपळगाव रेणुकाई

आखाजीला माहेरी जायचं आणि तेही फटफटीवर, हे मी चुलीपुढं बसून आत्याबाईंना सांगितलं, तेव्हा त्यांनी थापलेली भाकरी तशीच परातीत ठेवली. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या भागात सासूला असंच म्हणत. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मुराळी कोण येऊन राह्यला?"

नव्या वाचकांसाठी सांगते. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. भोकरदनच्या वरच्या अंगाला हा लेकींचा सण, झोक्याचा आणि आंब्याच्या रसाचा. आणि लेकीला न्यायला माहेराहून जो माणूस येतो तो मुराळी. तो बहुतेक भाऊच असतो. मुराळी आला नाही तर लेक जात नाही, मग सण कितीही मोठा असो. नवऱ्यानं स्वतः नेऊन सोडायची सोय नव्हती, कारण तसं केलं की गाव लगेच म्हणे, टाकून दिली वाटतं. मला सख्खा भाऊ नाही. चुलतभाऊ होता, तो नोकरीसाठी हैद्राबादेस गेला. माझे वडील, बापू, लेकीच्या घरचं पाणीही न पिणारे, ते न्यायला कुठून येणार? लग्न झाल्यापासून माझी एकही आखाजी माहेरी झाली नव्हती. दरवर्षी आखाजी आली की जुन्या जालन्याच्या त्या अरुंद गल्लीत मी धुसफुसत पुरण वाटायची.

पण त्या वर्षी माझ्याकडे उत्तर तयार होतं. म्हटलं, "फटफटीच माझा मुराळी."

ही फटफटी खरोखर माझ्या माहेरची होती. निजामाचं राज्य गेलं त्या धामधुमीत एक फौजी अंमलदार ती बापूंच्या गोठ्यात लावून बैलगाडीनं निघून गेला, तो परत आलाच नाही. माझ्या लग्नात बापू जावयाला म्हणाले, न्यायची तर न्या, कडब्याला जागा होईल. म्हणजे ती आणि मी एकाच दारातून निघालो होतो. आता ह्याला भाऊ नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

आत्याबाईंनी हा मुद्दा भाकरीसारखा उलटापालटा करून पाहिला. त्या रीतीला पक्क्या होत्या, पण रीतीत बसत असेल तर कशालाही ना न म्हणणाऱ्या. त्यांचं स्वतःचं माहेर अंबडकडे. भाऊ वारल्यापासून तिकडं जाणं थांबलं होतं. शेवटी त्यांनी निवाडा दिला. "मुराळी म्हनतीस तर हरकत न्हाई. पण त्यानं आपल्या पायानं जायला पाह्यजे. मागं दोनदा बैलं जुपून घरला आणला ह्याला, समदी गल्ली हसली. वाटंत बैलं लागले तर तिथूनच माघारी यायचं. मंग पुन्हा मुराळ्याचं नाव काढायचं न्हाई."

मी मान डोलावली. आमचे हे दारात उभे राहून ऐकत होते, त्यांचा चेहरा उतरला. कारण फटफटीची दशा त्यांना माहीत होती.

हे जिनिंग फॅक्टरीत फिटर. हात चांगला, पण गाडी निराळी. त्या काळी बहुतेक फटफट्या वाऱ्यावर थंड व्हायच्या, आमची मात्र पाण्यावर. पुढच्या चाकामागं पाण्याची जाळी, म्हणजे रेडिएटर. पाणी ढकलायला पंप नाही. इंजिनातलं तापलेलं पाणी आपोआप वर चढायचं, जाळीत निवून खाली उतरायचं. युक्ती झकास, पण वरच्या आणि खालच्या रबरी नळ्यांना उन्हात वाळलेल्या चपलेसारख्या भेगा पडल्या होत्या, आणि जाळीला दोन ठिकाणी पाझर होता. दुसरं दुखणं कार्बोरेटरचं. पेट्रोल टपटप गळायचं आणि गाडी खोकत चालायची.

आखाजीच्या आधी दर रविवारी आणि रोज संध्याकाळी आमच्या अंगणात तांब्या-पितळेचा बाजार मांडलेला. कार्बोरेटर उघडला तेव्हा ह्यांनी आतला फ्लोट माझ्या कानाशी हलवला. फ्लोट म्हणजे पोकळ पितळी डबी, पेट्रोलवर तरंगते आणि भांडं भरलं की सुईनं वाट बंद करते. डबी नासक्या नारळासारखी आतून वाजत होती. चुलीपासून लांब, अंगणात कढत पाण्याच्या पातेल्यात ती बुडवली, तर शिवणीतून बारीक बुडबुडे आले. भोक सापडलं म्हणून मी खूश झाले, पण हे म्हणाले, ह्या डबीची भोकं बुजवायला आधीच कथलाचे इतके डाग दिलेत की ती जड झाली आहे, आणखी एक दिला तर बुडेलच. मुंबईच्या एका दुकानाला पत्र टाकलं. फ्लोट, त्याची सुई, नवा जेट आणि आतला झिजलेला दट्ट्या असं सगळं पार्सलनं मागवलं. पार्सल येईपर्यंत पोस्टमन गल्लीत शिरला की मी दारात.

नळ्या मात्र मुंबईतही मिळेनात. त्या वाकड्या, खास त्या गाडीच्या मापाच्या. जुन्या जालन्यात रतनलाल शेठचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. घराणं मूळचं मारवाडातलं, पण कैक पिढ्या इथल्या, त्यामुळं शेठ अर्धे हिंदी, अर्धे मराठी बोलत. विहिरीच्या इंजिनाची सरळ नळी त्यांनी ओट्यावर टाकली आणि म्हणाले, ही मजबूत आहे, पण वाकवली तर चिमटेल. ह्यांनी तिथंच जमिनीवर खडूनं आकृती काढली. वळणाचा मधला भाग तांब्याचा करायचा आणि दोन्ही टोकांना सरळ रबराचे आखूड तुकडे. शेठ बघत राहिले, मग म्हणाले, "गणपतराव, दिमाग बराबर चालून राह्यला तुमचा. बहू माहेरला पोचली की मला येऊन सांगा." तांबटानं वाळू भरून तांब्याची नळी सुबक वाकवून दिली, जाळीलाही डाग दिला. खर्च विचाराल तर सगळं मिळून ह्यांचा महिन्याचा पगार बऱ्यापैकी खाल्ला, आणि त्यावर घरात कोणी चकार शब्द काढला नाही.

इंजिनाच्या सांध्यात घालायचा पुठ्ठा मी कापला. ह्यांचे दोन पुठ्ठे फाटले, तेव्हा मी कात्री हातात घेतली. चोळी बेतायची सवय होती, आधी कागदाचा बेत काढला आणि मग पुठ्ठ्यावर उतरवला. भोकाला भोक जुळलं. हवा आत शिरते त्या तोंडावर जुन्या धोतराचा दुहेरी तुकडा बांधला, म्हणजे रस्त्याची धूळ आत जाणार नाही. आणि गाडी सुरू केली तेव्हा पेट्रोलचा थेंब गळेना, खोकला नाही, ठसका नाही. इंजिन असं गुणगुणलं की समोरचा गिरणीवाला बाहेर येऊन बघून गेला. मला तर नाचावंसं वाटलं.

आखाजीच्या आदल्या दिवशी पहाटे निघालो. आधीच्या रात्री ह्यांनी जाळीतलं सगळं पाणी काढून ती धुऊन ठेवली होती. पहाटे हे स्टेशनाकडून पेट्रोल घ्यायला गेले, त्यात इंजिनाचं तेलही मिसळावं लागे. जाताना आईला म्हणाले, तेवढं जाळीत पाणी भरून ठेव. मी आत बोचकं बांधत होते. परत आले तोवर आत्याबाईंनी जाळी काठोकाठ भरली होती आणि वरचं झाकण घट्ट लावलं होतं. फटफटीच्या हँडलला हळदकुंकू लावलेलं. त्या म्हणाल्या, "पोटभर पाजलंय. जा आता जल्दी, ऊन व्हायच्या आत."

मागच्या लोखंडी कॅरिअरवर वाकळेची घडी बांधली होती. माझं लुगडं कासोट्याचं, त्यामुळं दोन्हीकडं पाय टाकून ऐटीत बसले, पदर दातात धरला. गल्लीतल्या बायका उंबऱ्यावर आलेल्या. कोणाच्या डोळ्यांत कौतुक होतं, कोणाच्या डोळ्यांत हे मेलं बघवत नाही असं होतं. मला दोन्ही सारखंच आवडलं.

जालन्याहून राजूरपर्यंतचा रस्ता तेव्हा खडीचा, मधेमधे नुसता धुरळा. आज तुम्ही डांबरावरून चहा थंड व्हायच्या आत पोचाल, आम्हाला बैलगाड्या चुकवत जायचं होतं. वैशाखातली उघडी रानं, बांधावर पळस आणि बाभळी. चढ आला की मी श्वास धरून बसायची. मागच्या खेपेला ह्याच चढावर गाडीनं मान टाकली होती. ह्या वेळी ती न कुरकुरता वर गेली. ह्यांनी मागं वळून पाहिलं आणि हसले, तर मीच ओरडले की पुढं बघा.

राजूरला गणपतीचं टेकडीवरचं देऊळ. पायथ्याशी थांबून दर्शन घेतलं, सावलीत भाकरी, ठेचा आणि कांदा खाल्ला. जाणार असाल तर सकाळीच जा, दुपारी पायऱ्या तापतात. तिथं ह्यांनी नळ्यांना हात लावून पाहिला. थेंबभरही पाझर नाही. ह्यांचा चेहरा इतका फुलला होता की देवाला काय मागितलं ते विचारायचीही गरज नव्हती.

राजूर सोडलं आणि काही वेळानं मला काकवीचा वास आला. गुऱ्हाळाच्या कढईतून येतो तसा, गोड आणि खमंग. मी ह्यांच्या पाठीमागून म्हटलं, इथं जवळ गुऱ्हाळ आहे वाटतं. हे म्हणाले, वैशाखात कसलं गुऱ्हाळ. वास वाढत गेला. मग झाकणातून फेस येऊ लागला, तपकिरी, चिकट. भोकरदन समोर दिसत होतं आणि तिथं गाडी तापून बंद पडली.

गाडी जरा निवल्यावर फडक्यानं धरून झाकण उघडलं. मी फेसावर बोट फिरवून चाटलं. गूळ. सुंठसुद्धा होती.

आमच्याकडे पाहुणा दारी आला की आधी गूळपाणी देतात. उन्हातनं आलेल्याला नुसतं पाणी दिलं तर घराची अब्रू जाते. आणि मुराळी म्हणजे पाहुण्यातला पाहुणा. मीच तर छातीठोकपणे सांगितलं होतं की हा माझा मुराळी आहे. आत्याबाईंनी तो मान शब्दशः पाळला होता. मुराळ्याला पाणी पाजायला सांगितलं, त्यांनी गूळपाणी पाजलं, आणि तेही कळशीभर.

हे रस्त्याच्या कडेला दगडावर बसले. इतक्या रविवारची मेहनत, मुंबईचं सामान, तांब्याच्या नळ्या, आणि शेवटी गुळानं घात केला. आईवर चिडायचंही त्यांना सुचेना. मला आधी हसू आलं, पोट दुखेपर्यंत, आणि हसता हसता रडू फुटलं. आखाजी उद्यावर आली होती. पिंपळगाव अजून बरंच पुढं. मागून एक गाडीवान आला. चांगला माणूस होता. म्हणाला, "बैलं जुपतो की. भोकरदनला नेऊन सोडतो, पैशे बिलकुल नको."

हे उठले सुद्धा. मी त्यांचा हात धरला. "बैलं न्हाई. ढकलत न्यायचं. मुराळ्याला जड झालं तर बहीन हात देतीच की."

भोकरदनच्या केळणा नदीच्या पात्रापर्यंत आम्ही दोघांनी ती ढकलत नेली. नदी कोरडी, पण वाळूत झिरे खोदलेले आणि त्यांच्याभोवती घागरी घेऊन बायका. त्या दिवसांत घागर भरायला तासभर वाट बघावी लागे, वाटीवाटीनं पाणी उपसावं लागे. त्यांच्याकडं पाणी मागायचं, तेही एका लोखंडी यंत्रासाठी, ह्याची मला लाज वाटली. हे तर लांबच उभे राहिले. मी जाऊन सगळं सांगितलं, मुराळी, आत्याबाई, गूळ, सगळं.

मग एक म्हातारी असं हसली की तिची घागर हिंदकळली, आणि तिच्यामागून सगळा झिरा हसला. सुंठ घातल्याचं कळल्यावर तर एक बाई वाळूत बसली. म्हातारीनं विचारलं, कोणाची गं तू? मी बापूंचं नाव सांगितलं, पिंपळगाव रेणुकाई सांगितलं. ती घागर कमरेवर घेऊन फटफटीपाशी आली आणि म्हणाली, "उद्या आखाजीला घागर दान करायचीच हाये. लेक माहेराला चाललीय, म्या आजच करते. कुठं वतू सांग."

आता हे पुढं आले. त्यांनी सांगितलं की घाई करायची नाही, तापल्या इंजिनावर गार पाणी पडलं तर ते तडकेल. खालची नळी सोडली, काकवी वाळूत गेली. थोडं पाणी ओतायचं, गाडी जराशी चालवून कोमट करायचं, गूळ विरघळला की सोडून द्यायचं. पुन्हा ओतायचं. गूळ गरम पाण्यात विरघळतो हे तिथल्या एकाही बाईला सांगावं लागलं नाही. घागरीमागून घागर आली. तपकिरी पाणी पिवळं झालं, पिवळ्याचं पांढरट, आणि शेवटी म्हातारीनं ओंजळीत घेऊन चाखलं आणि निकाल दिला, "निव्वळ हाये. जाऊ दे मुराळ्याला."

जाळी भरून निघायची किक मारली. एकदा, दोनदा, आणि इंजिन पुन्हा तसंच गुणगुणलं. बायकांनी घागरींवर हात वाजवले. मी त्या म्हातारीच्या पाया पडले. तिचं नाव विचारायचं राहून गेलं, ह्याची हळहळ मला अजून आहे.

पिंपळगावात शिरलो तेव्हा ऊन उतरत होतं. रेणुकादेवीच्या देवळाशी बापू चार माणसांत बसले होते. फटफटीचा आवाज त्यांनी आधी ओळखला, मला नंतर. उठले, जवळ आले, आणि ज्या गाडीला ते इतकी वर्षं कडब्याची अडचण म्हणत, तिच्या टाकीवरची धूळ त्यांनी आपल्या उपरण्यानं पुसली. बैल कुठं लागले का, म्हणून हळूच विचारलं. मी म्हटलं, कुठंच नाही. बापूंनी मागच्या चार माणसांकडं अशी नजर टाकली की जणू ती गाडी त्यांनीच घडवली होती.

घरी मायनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, माझ्या पायांवर पाणी घातलं आणि मग चाकांवर. आणि आत जाऊन तांब्या घेऊन आली. तांब्यात गूळपाणी. ह्यांनी झेप घेऊन तो तिच्या हातातून घेतला आणि मुराळ्याच्या वतीनं सगळा घटाघटा पिऊन टाकला. मायला वाटलं, जावई फारच तहानलेले.

दुसऱ्या दिवशीची आखाजी कशी सांगू? निंबाला झोका, पुरणपोळ्या, वाटीवर वाटी रस, आणि ज्या मैत्रिणींना मी कित्येक उन्हाळे पाहिलं नव्हतं त्या गाणी म्हणत माझ्याभोवती. झोका वर गेला की कुडापलीकडं फटफटी दिसे. तिच्या पुढच्या चाकावरून जाळीपर्यंत मुंगळ्यांची रांग लागली होती. बापू काडीनं ते मुंगळे हटवत बसले होते, एकेक करून, गाईच्या अंगावरची गोचीड काढावी तसे. तेव्हा मला वाटलं, आता ह्या घरात माझ्या पाठीवर कोणी नाही, असं म्हणता येणार नाही.

परतताना हँडलला मायनं नवा टॉवेल बांधला, मुराळ्याचा मान म्हणून. रस्ता तोच, ऊन तेच, जाळीत नुसतं पाणी. केळणेवर थांबलो, पण झिऱ्यावर त्या म्हातारीची गाठ पडली नाही. जुन्या जालन्याच्या गल्लीत शिरलो तेव्हा ह्यांनी उगाच दोनदा हॉर्न वाजवला. रतनलाल शेठच्या दुकानासमोर तिसऱ्यांदा.

आत्याबाई दारात उभ्याच होत्या. त्यांनी टॉवेल पाहिला, बैलाचा माग कुठं नाही हे पाहिलं. मग विचारलं, मुराळ्यानं पाणी नीट पिलं का? मी ह्यांच्याकडे पाहिलं. वाटेत आमचं ठरलं होतं की हसत हसत सगळं सांगायचं. मी सांगायला तोंड उघडलं, पण त्या फटफटीजवळ गेल्या होत्या आणि टॉवेलाच्या टोकावरून हात फिरवत होत्या.

"माझा भाऊ गेल्यापासून ह्या दारी मुराळी आल्ता न्हाई," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी वाटलं, कोनाचा का असंना, आला तर खरं. म्हनून जरा जास्तच गूळ घातला." मग त्यांनी विचारलं, "शांते, तुझा भाऊ हाये, पण मला नेईल का गं अंबडला?"

फेसाची गोष्ट मी पोटातच ठेवली. ह्यांनी नळीचे क्लिप पुन्हा एकदा आवळायला घेतले.

पुढच्या रविवारी वाकळेची घडी दुहेरी केली. आत्याबाई आयुष्यात पहिल्यांदा फटफटीवर बसल्या, डोळे गच्च मिटून, लेकाच्या कमरेला दोन्ही हातांनी धरून. निघण्याआधी मी गुळाचा खडा त्यांच्या हातावर ठेवला, पाणी प्यायला दिलं. जाळी मात्र मी स्वतः भरली, चाखून.

आता मी त्याच रस्त्यानं नातीच्या मोटारीत बसून जाते. तीच हे सगळं माझ्याकडून लिहून घेते आहे. तुम्ही निघालात तर राजूरला जरूर उतरा आणि भोकरदनला पोचलात की पुलावर दोन मिनिटं थांबा. गाडीत पाण्याच्या चार बाटल्या असतील, त्यातली एक वाटेतल्या कोणालातरी द्या. आमच्या घरात त्या फटफटीचा टॉवेल अजून घडी करून ठेवलेला आहे, आणि ज्या दिवशी आत्याबाई अंबडहून परतल्या त्या दिवशी त्याला दुसरा टॉवेल येऊन मिळाला.